गाठीतला रक्तप्रवाह प्रकाशाने मोजताना: पाच भेटींचा अनुभव

१ मार्च २०२३ रोजी दुपारी मला रुग्णालयातून फोन आला. त्याआधीच्या तीन आठवड्यांत रुग्णालयाच्या प्रत्येक फोनने काही ना काही वाईटच सांगितले होते. त्यामुळे पलीकडच्या बाईंनी पहिल्याच वाक्यात 'हा फोन तुमच्या उपचारांबद्दल नाही, काळजी करू नका' असे सांगितले, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्या संशोधन विभागाच्या कोऑर्डिनेटर होत्या. केमोथेरपी सुरू होण्याआधी, ती चालू असताना आणि शस्त्रक्रियेच्या आधी, असे पाच वेळा माझ्या स्तनातील कर्करोगाच्या गाठीतील रक्तप्रवाह प्रकाशाच्या साहाय्याने मोजू द्याल का, असे त्यांनी विचारले. सुई नाही, औषध नाही, क्ष-किरण नाहीत. निअर-इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा आणि डोळ्याला जेमतेम जाणवणारा प्रकाश त्वचेवर सोडायचा आणि तो परत येताना काय सांगतो ते पाहायचे, एवढेच.

मी सांगलीची, शिक्षण वाणिज्य शाखेचे, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली सात वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीत आहे. त्या फोननंतर मी मराठीत या विषयावर काही वाचायला मिळते का ते शोधले, पण माझ्या हाती काही लागले नाही. म्हणून सगळे उरकल्यावर, तारखा आणि कागदपत्रे समोर ठेवून, हे लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशा अभ्यासांची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असते.

माझी बायोप्सी ९ फेब्रुवारीला झाली आणि १४ तारखेला अहवाल आला. डाव्या स्तनात ३.१ सेंटिमीटरची गाठ, हर-टू पॉझिटिव्ह प्रकारची (म्हणजे जिच्या पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन जास्त असते अशी), आणि काखेतील एका ग्रंथीत पसरलेली. २२ फेब्रुवारीला ऑन्कॉलॉजिस्टनी, म्हणजे कर्करोगतज्ज्ञांनी, उपचारांचा क्रम सांगितला: डोसिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन, ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही चार औषधे दर तीन आठवड्यांनी एकदा, अशी सहा वेळा, आणि त्यानंतर शस्त्रक्रिया. गाठ आधी काढून का टाकत नाही, असे मी विचारले. त्यांनी दोन कारणे सांगितली. एक म्हणजे गाठ लहान झाली की शस्त्रक्रियाही लहान होऊ शकते. दुसरे म्हणजे गाठ जागेवर असताना औषध दिले तर ते तिच्यावर चालते आहे की नाही हे प्रत्यक्ष पाहता येते. हे दुसरे कारण माझ्या मनात राहिले होते, आणि १ मार्चचा फोन त्याच्याशीच जोडलेला निघाला. गाठीचा आकार कमी झालेला सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसायला अनेक आठवडे जातात, पण तिच्यातील रक्ताची आणि प्राणवायूची स्थिती त्याआधीच बदलू लागते. तो बदल लवकर टिपता आला, तर ज्या बाईला औषध लागू पडत नाही तिला ते महिनोन्महिने सोसावे लागणार नाही, असा या संशोधनामागचा विचार आहे.

संमतीपत्र ईमेलने आले. ते चौदा पानांचे होते आणि सोबत आरोग्यविषयक माहिती संशोधकांना पाहू देण्याची परवानगी म्हणून तीन पानांचा वेगळा कागद होता, ज्यावर वेगळी सही लागते. माझा पहिला सल्ला असा की हे कागद रुग्णालयात बसून वाचू नयेत. घरी मागवून घ्यावेत, दोन दिवस ठेवावेत आणि समासात प्रश्न लिहावेत. मी तसेच केले आणि तेवीस प्रश्न निघाले. सहभाग ऐच्छिक आहे, कोणत्याही क्षणी कारण न देता बाहेर पडता येते आणि बाहेर पडल्याने उपचारांत काहीही फरक पडत नाही, ही वाक्ये अपेक्षित होती. पण चौथ्या पानावरच्या एका वाक्यापाशी मी थांबले. या अभ्यासातून तुम्हाला वैयक्तिक वैद्यकीय लाभ होणार नाही, मोजणीचे निकाल तुम्हाला किंवा तुमच्या डॉक्टरांना दिले जाणार नाहीत आणि तुमच्या उपचारांचा कोणताही निर्णय त्यांवरून घेतला जाणार नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले होते.

नवऱ्याने ते वाचले आणि म्हणाला, "मग जायचंच कशाला? आधीच तुझ्या अंगावर इतकं आहे." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्या आठवड्यात माझ्या मनाने या अभ्यासाला नकळत औषधाचेच रूप देऊन टाकले होते. जास्त तपासण्या म्हणजे जास्त लक्ष, आणि जास्त लक्ष म्हणजे बरे होण्याची जास्त शक्यता, असे काहीसे. ते वाक्य वाचल्यावर तो समज गळून पडला आणि मला दोन रात्री झोप लागली नाही. ज्यांना असा फोन येईल त्यांनी हे वाक्य आपल्या संमतीपत्रात शोधून, त्याचा अर्थ पुरता उमगल्यावरच सही करावी, असे मी कळकळीने सांगते.

सांगलीला आईशी रोज व्हिडिओ कॉल होत असे. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "अगं, उजेडानं आतलं रक्त कसं कळणार?" मी तिला लोडशेडिंगची आठवण करून दिली. लहानपणी वीज गेली की आम्ही भावंडे बॅटरीचे तोंड तळहाताने झाकत असू आणि बोटांच्या कडा लालभडक उजळत. पांढऱ्या उजेडातले बाकीचे रंग रक्त गिळून टाकते आणि तांबडा मात्र पार होतो. तांबड्याच्या थोडे पुढे, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, शरीर प्रकाशाला त्यातल्या त्यात मोकळी वाट देते. त्याच्या अलीकडे रक्तातले हिमोग्लोबिन प्रकाश शोषते आणि पलीकडे पाणी शोषू लागते. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे जे ऑक्सिमीटर होते, ते याच पट्ट्याचा उपयोग करतात. आईला ते यंत्र ओळखीचे होते, त्यामुळे तिला एवढे पटले.

मात्र ऑक्सिमीटर रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगतो. रक्त किती वेगाने वाहते आहे ते सांगत नाही. ते कसे कळते हे मला नंतर मोजणी करणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीने समजावले आणि मी ते माझ्या पद्धतीने आईला सांगितले. आमच्या जुन्या घराच्या अंगणात पाण्याने भरलेले घंगाळ असे. सकाळचे ऊन त्यावर पडले की सोप्याच्या आढ्यावर कवडसे नाचत. पाणी स्थिर असेल तर कवडसा स्थिर, आणि कोणी तांब्या बुडवला की तो थरथरायला लागे. घंगाळाकडे पाठ करून केवळ आढ्याकडे पाहिले तरी पाणी किती हलते आहे ते कळत असे. लेसरचा प्रकाश पेशींमध्ये शिरून असंख्य वेळा इकडेतिकडे विखुरला जातो आणि त्यातला अगदी थोडा भाग दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावर पुन्हा त्वचेबाहेर येतो. तिथे त्याचे उजेड-अंधाराचे बारीक ठिपके उमटतात. आतल्या तांबड्या पेशी सरकत असल्यामुळे ते ठिपके सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशोबात सतत लुकलुकत असतात. रक्त जितके वेगाने वाहते तितके लुकलुकणे वेगवान. यंत्र येणारे प्रकाशकण एकेक करून मोजते आणि त्या लुकलुकण्याच्या वेगावरून प्रवाहाचा निर्देशांक काढते. हा आकडा मिनिटाला इतके मिलिलिटर अशा स्वरूपाचा नसतो. गाठीवरचा आकडा निरोगी बाजूच्या आकड्याशी आणि आजचा आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून पाहायचा असतो.

या पद्धतीचा पाया १९९५ च्या सुमारास फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, अर्जुन योध यांच्या गटात घातला गेला, आणि त्याच गटाने २००५ साली स्तनातील गाठींचा रक्तप्रवाह अशा प्रकारे मोजून तो भोवतालच्या निरोगी भागापेक्षा जास्त असल्याचे दाखवले. गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, ही कल्पना ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली होती. त्या नव्या वाहिन्या घाईत बांधलेल्या, वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे एका कोपऱ्यात रक्ताची रेलचेल आणि दुसऱ्या कोपऱ्यात टंचाई असे चित्र असते. हे वाचताना मला पहिल्यांदा माझ्या गाठीबद्दल भीतीखेरीज आणखी काही वाटले. आपल्या शरीरात नेमके काय चालले आहे याची ती उत्सुकता होती, आणि तिने मला पुढच्या महिन्यांत बराच आधार दिला.

सही करायला मी शेवटी तयार झाले ती एका वेगळ्या उत्तरामुळे. ६ मार्चला कोऑर्डिनेटरबाई भेटल्या तेव्हा माझ्या तेवीस प्रश्नांपैकी एक होता, 'माझ्यासारख्या वर्णाच्या किती स्त्रिया या अभ्यासात आहेत?' त्यांनी प्रामाणिकपणे 'फार थोड्या' असे सांगितले. त्वचेतील मेलॅनिन हा रंगद्रव्याचा थर येणारा आणि जाणारा असा दोन्ही वेळचा प्रकाश शोषतो, त्यामुळे सावळ्या त्वचेतून मिळणारा संकेत क्षीण असतो. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोटावरच्या ऑक्सिमीटरने कृष्णवर्णीय रुग्णांमधील प्राणवायूची धोकादायक कमतरता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा नजरेआड केल्याचे दिसले होते, हे मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचले होते. एखादे यंत्र गोऱ्या त्वचेवरच तयार झाले आणि मग आमच्या रुग्णालयांत आले, तर ते माझ्या बहिणींच्या, भाचींच्या बाबतीत काय सांगेल, हा प्रश्न मला अमूर्त वाटला नाही. मी त्याच दिवशी सही केली. सही केलेल्या प्रतीची झेरॉक्स मागून घ्यावी. ती तुमचा हक्क आहे आणि पुढे माझ्या फार कामाला आली.

पहिली मोजणी १० मार्चला ठरली. बायोप्सीनंतर गाठीभोवती रक्त साकळलेले असते आणि ते प्रकाश शोषून मोजणी बिघडवते, म्हणून मध्ये काही दिवस जावे लागतात. माझे चार आठवडे झाले होते. दुसरीकडे पहिली केमो सुरू होण्याआधीच ही मोजणी झाली पाहिजे, नाहीतर पुढच्या सगळ्या आकड्यांना तुलनेसाठी आधार राहत नाही. केमोची तारीख इन्शुरन्सच्या मंजुरीवर अवलंबून होती आणि ती मंजुरी नऊ दिवस अडकली होती. म्हणजे एका बाजूला मंजुरी लवकर यावी म्हणून मी देवाला विनवत होते आणि दुसऱ्या बाजूला मोजणीच्या आधी ती येऊ नये अशीही धाकधूक होती.

१० तारखेला आम्ही सव्वा तास गाडी चालवून पोचलो. रुग्णाला हात लावण्याआधी यंत्र रोज एका सिलिकोनच्या ठोकळ्यावर तपासले जाते. त्या ठोकळ्याचे प्रकाशीय गुणधर्म आधीपासून माहीत असतात, आणि यंत्राने तेच आकडे दाखवले तरच पुढे जायचे. त्या दिवशी आकडे जुळेनात. पाऊण तास प्रयत्न करून विद्यार्थिनीने हात जोडले आणि आज मोजणी घेता येणार नाही असे सांगितले. मला परत जाताना रडू आले, कारण त्या दिवसांत कोणतीही गोष्ट पुढे ढकलली गेली की पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटत असे. तरीही चुकीचा आकडा नोंदवून मला घरी पाठवण्यापेक्षा तिने जे केले तेच बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होते.

१३ मार्चला मंजुरी आली, १४ तारखेला उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली औषधासाठीचा पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडण्यासाठी त्वचेखाली ठेवायची छोटी डबी, बसवला गेला, १६ तारीख केमोची ठरली आणि मोजणीला उरला तो एकच दिवस, १५ मार्च. या वेळी ठोकळ्याचे आकडे जुळले.

खोली लहान होती आणि दारावर लेसरची पिवळी पाटी होती. संशोधक विद्यार्थिनीखेरीज एक परिचारिका सतत खोलीत होती. स्त्री कर्मचारीच असाव्यात असे मी आधी सांगितले होते आणि तसे सांगता येते. आधी एक प्रश्नावली भरली: शेवटच्या मासिक पाळीची तारीख, कारण पाळीच्या चक्रानुसार स्तनातील रक्ताचे प्रमाण बदलते, त्या जागी गोंदण किंवा टॅटू आहे का, आज क्रीम, तेल, पावडर लावली आहे का, चहा-कॉफी किती वाजता घेतली. चहाबाबत त्यांचे म्हणणे एवढेच होते की घेत असाल तर पाचही वेळा तितकाच आणि त्याच वेळी घ्या. मी पाचही वेळा सकाळी सात वाजता एक कप घेतला आणि वहीत लिहून ठेवला. एमआरआयप्रमाणे इथे धातूची अडचण नसते, पण मंगळसूत्र काढावे लागले, कारण काळे मणी प्रकाश शोषतात आणि दाबही देतात. एका हातात मावेल अशा उपकरणाने माझ्या त्वचेचा वर्ण आकड्यांत मोजला गेला.

मग सोनोग्राफीने गाठीची जागा पाहिली. तिचा वरचा काठ त्वचेखाली नऊ मिलिमीटरवर होता आणि ही सुदैवाची गोष्ट होती, कारण हा प्रकाश ढोबळमानाने सोडण्याच्या आणि टिपण्याच्या जागांमधील अंतराच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच खोल पोचतो. खोलवरच्या गाठी, किंवा स्तनाग्राभोवतीच्या गडद त्वचेखालच्या गाठी, यांच्यासाठी ही पद्धत अवघड ठरते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर एकेक सेंटिमीटरवर खुणा केल्या, डोळ्यांवर गडद चष्मा आला, दिवे मालवले गेले आणि अंगावर काळे कापड पांघरले. प्रोब म्हणजे मऊ काळ्या रबराचा, काडेपेटीएवढा तुकडा, ज्यातून बारीक फायबर निघालेले असतात. तो त्वचेवर टेकवायचा, पण दाबायचा नाही, कारण थोड्या दाबानेही खालचा रक्तप्रवाह कमी होतो. प्रत्येक खुणेवर शांत पडून, नेहमीसारखा श्वास घेत, न बोलता थांबायचे. काहीही दुखत नाही आणि उष्णताही जाणवत नाही. नंतर हेच सगळे उजव्या, निरोगी बाजूला. आदल्या दिवशीच्या पोर्टची पट्टी वर होती, तिच्यापासून दूर राहून त्यांनी जागा निवडली.

मला चाळीस मिनिटे सांगितली होती, प्रत्यक्षात सत्तर लागली. माझ्या त्वचेतून प्रकाशकण कमी परत येत होते. मग प्रकाश वाढवायचा का, असे मी विचारले. ती म्हणाली, "नाही, त्वचेवर किती प्रकाश सोडायचा याची सुरक्षेची मर्यादा ठरलेली आहे, ती ओलांडता येत नाही. मी फक्त जास्त वेळ मोजणार." प्रत्येक खुणेवर ती दुप्पट वेळ थांबली. त्या अंधारात पडल्यापडल्या, उद्या पहिली केमो आहे हे ठाऊक असताना, मला कोणीतरी आपल्यासाठी जास्तीचा वेळ देते आहे ही गोष्ट फार मोलाची वाटली.

दुसरी भेट २२ मार्चला होती, केमोनंतर सहाव्या दिवशी. त्या दिवशी गुढीपाडवा होता. नवऱ्याने सकाळी बाल्कनीत गुढी उभारली, इंडियन स्टोअरमधून आणलेला वाळका कडुनिंब गुळाबरोबर वाटून माझ्या हातावर ठेवला, आणि मला तो कडू लागलाच नाही. तोंडाला धातूसारखी एकच चव होती. त्या दिवसाचे मला सर्वांत जास्त आठवते ते हेच. जुलाबांमुळे शरीरातील पाणी कमी झाले होते आणि गाडीत दोनदा थांबावे लागले. कोऑर्डिनेटरबाईंनी 'आज नको असेल तर स्पष्ट सांगा' असे फोनवर सांगितले होते, पण पहिल्या आठवड्यातला बदल हाच या अभ्यासाचा गाभा आहे हे मला ठाऊक होते, म्हणून मी गेले. कमी झालेले पाणी, नाडीचे ठोके आणि रक्तदाब यांची नोंद त्यांनी मोजणीसोबत केली, कारण संपूर्ण शरीराचा रक्तप्रवाह बदलला तर गाठीतलाही बदलतो आणि तो औषधाचा परिणाम समजला जाऊ नये. या भेटीसाठी कोणाला तरी सोबत न्यावे, बरोबर पाण्याची बाटली आणि मिठाची बिस्किटे ठेवावीत, आणि पुढून उघडणारा सैल सुती सदरा घालावा.

५ एप्रिलची तिसरी भेट दुसऱ्या केमोच्या आदल्या दिवशी होती आणि ती सुरळीत पार पडली. मधल्या काळात केस गेले होते. विद्यार्थिनीने दारातच मला ओळखले, हे मी वहीत लिहून ठेवले आहे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात घरी १८६ डॉलरचे बिल आले. संमतीपत्रात सगळ्या मोजण्या मोफत असल्याचे लिहिले होते, पण २२ मार्चची भेट नोंदणीच्या खिडकीवर संशोधनाऐवजी नेहमीची तपासणी म्हणून नोंदली गेली होती. मी बिलिंग विभागाला फोन केला, त्यांनी संशोधन विभागाकडे पाठवले, त्यांनी पुन्हा बिलिंगकडे. एकूण सहा फोन आणि सात आठवडे लागले. शेवटी मी संमतीपत्राच्या खर्चाविषयीच्या पानाची प्रत आणि पहिल्या पानावरचा अभ्यास क्रमांक ईमेलने पाठवला, तेव्हा ते बिल रद्द झाले. त्यानंतर प्रत्येक वेळी खिडकीवर मी स्वतःहून 'ही संशोधनाची भेट आहे' असे सांगत असे आणि पावतीवर तसे लिहिले आहे का ते पाहत असे. तुम्हीही हेच करावे, आणि आलेले बिल भरून टाकण्याची घाई करू नये.

मानधनाचेही थोडे सांगते. प्रत्येक भेटीचे ४० डॉलर, असे पाच भेटींचे २०० डॉलर एका प्रीपेड कार्डवर जमा होणार होते आणि पार्किंगचे १२ डॉलर वेगळे मिळणार होते. अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठीच रकाना होता, आणि मी एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) असल्याने माझ्याकडे तो नसून कर भरण्यासाठीचा वेगळा क्रमांक आहे. हा प्रश्न सुटायला जूनचा मध्य उजाडला. रक्कम मोठी नाही, पण ज्यांना कामावरून सुट्टी घेऊन यावे लागते किंवा मुलांसाठी कोणाला बसवावे लागते त्यांच्यासाठी ती महत्त्वाची असते; म्हणून हा प्रश्न सहीच्या दिवशीच विचारावा. माझ्या उपचारांचा स्वतःच्या खिशातला वर्षाचा खर्च, इन्शुरन्सच्या कमाल मर्यादेप्रमाणे, ६,५०० डॉलर झाला आणि तो पहिल्या दोन महिन्यांतच भरून गेला.

चौथी भेट १७ मे रोजी, चौथ्या केमोच्या आदल्या दिवशी झाली. तोपर्यंत मला स्वतःला गाठ हाताला लहान लागत होती. मोजणीनंतर मी विचारू नये ते विचारलेच: "कमी झालंय का हो?" ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मला खरंच सांगता येणार नाही. आकडे मी इथे पाहत नाही. आणि पाहिले असते तरी त्यांचा तुमच्यासाठी काय अर्थ आहे हे अजून कोणालाच ठामपणे सांगता येत नाही, म्हणून तर हा अभ्यास आहे." घरी जाताना मी तिच्यावर रागावले होते. दोन दिवसांनी राग गेला. खात्री नसलेला आकडा त्या दिवशी माझ्या हाती पडला असता, तर मी तो रोज रात्री उशाशी घेऊन झोपले असते.

२९ जूनला सहावी केमो झाली. २४ जुलैला पाचवी आणि शेवटची मोजणी. गाठ आता सोनोग्राफीत नीट दिसत नव्हती, म्हणून पहिल्या दिवशीचा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर आखलेले दोन तीळ आणि एक व्रण यांच्या आधाराने जागा ठरवली. सगळे संपल्यावर दिवे लागले, मी सदरा घातला, आणि विद्यार्थिनी म्हणाली, "तुमचे आकडे मी दाखवू शकत नाही, पण यंत्र काय पाहतं ते दाखवू शकते." तिने प्रोब स्वतःच्या हातावर, कोपराच्या खाली ठेवला, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक रेषा डावीकडून उजवीकडे सरकत होती आणि नाडीबरोबर हलकेच थरथरत होती. पट्टा फुगवल्यावर ती रेषा खाली गेली आणि जवळजवळ तळाला टेकली. तिचा हात फिकट पडला. दोन मिनिटे आम्ही तिघी त्या सपाट रेषेकडे पाहत राहिलो. मग तिने हवा सोडली आणि रेषा एकदम उसळून पहिल्यापेक्षा कितीतरी वर गेली, आणि हळूहळू आपल्या जागी परत आली. आढ्यावरचा कवडसा मला त्या पडद्यावर दिसला. रात्री आईला मी तो सगळा प्रसंग सांगितला आणि तिने मला तो दुसऱ्यांदा सांगायला लावला.

१ ऑगस्टला शस्त्रक्रिया झाली आणि ९ ऑगस्टला अहवाल आला. काखेतील ग्रंथी स्वच्छ होत्या, पण गाठीच्या मूळ जागी चार मिलिमीटरचा अंश शिल्लक होता. म्हणून पुढे टी-डीएम-वन या औषधाचे चौदा डोस दर तीन आठवड्यांनी घ्यायचे ठरले आणि ते जून २०२४ मध्ये पूर्ण झाले. माझा हा अहवालही संशोधकांकडे गेला आहे. गाठ पूर्ण गेली की थोडी उरली, याच्याशी पाच दिवसांच्या आकड्यांचा काही संबंध जुळतो का, हे ते सर्व सहभागींच्या माहितीवरून पाहतील.

महाराष्ट्रात असताना कोणी असे विचारले, तर त्या अभ्यासाची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या सरकारी संकेतस्थळावर आहे का ते आधी पाहावे, आणि संमतीपत्र मराठीत मागावे. आपल्याला समजणाऱ्या भाषेत ते मिळणे हा सहभागी होणाऱ्याचा हक्क आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच विभागाकडून एक पानाचे पत्र आले. माझी माहिती, नाव काढून, पुढच्या एका अभ्यासात वापरू द्याल का, आणि वेगवेगळ्या वर्णांच्या त्वचेसाठी यंत्रात केलेल्या बदलांची चाचणी निरोगी बाजूवर घेण्यासाठी एकदा याल का, असे दोन प्रश्न त्यात होते. मी दोन्हींपुढे 'हो' अशी खूण केली, प्रत काढून फाइलला लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र टपालात टाकले.